भर उन्हाळ्यात थीम पार्कचे तीन दिवस

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. डांबर इतकं ताजं होतं की बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे कितीतरी नळ कोरडे होते. तेव्हापासून पार्कांमध्ये पाण्याची सोय, एसी सभागृहं, फवाऱ्याचे पंखे असं बरंच काही आलं. पण वरून ऊन, खालून तापलेली जमीन आणि मध्ये पुढे न सरकणारी रांग हे त्रिकूट आहे तिथेच आहे.

पुढचं वर्णन तीन दिवसांच्या सहलीचं आहे. पहिले दोन दिवस राईडचा पार्क, तिसरा दिवस वॉटर पार्क. कमाल तापमान ३५ ते ३८ अंश. बरोबर एखादं लहान मूल आणि एखादी वयस्कर व्यक्ती. बहुतेक जण आधी राईडची यादी करतात आणि मग उरल्या वेळात सावली शोधतात. उन्हाळ्यात हे उलटं करायला हवं. गारव्यात बसायचे तास आधी नक्की करा आणि उरलेल्या तासांत राईड बसवा. सगळं वेळापत्रक याच क्रमाने बांधलेलं आहे.

आदली संध्याकाळ

पार्कचा नकाशा उघडा आणि राईड बघायच्या आधी चार गोष्टींवर खुणा करा: एसी सभागृहातले खेळ, बंदिस्त इमारतीतल्या राईड, पाणी भरायच्या जागा आणि प्रथमोपचार केंद्र. सभागृहातल्या खेळांच्या वेळा आणि ते किती मिनिटं चालतात, हेही शेजारी लिहून ठेवा. उन्हात २० मिनिटांच्या खेळाला ५ मिनिटांच्या राईडपेक्षा जास्त किंमत आहे, कारण तिथे बसायला मिळतं आणि अंगही निवतं. प्रथमोपचार केंद्राची खूण विसरू नका. तिथे बहुधा खाटा, बर्फ आणि गार खोली असते, आणि कुणाला चक्कर आल्यावर नकाशा उघडून शोधत बसायला वेळ नसतो.

बाहेरून काय आत नेता येतं याचे नियम प्रत्येक पार्कचे वेगळे असतात, तेव्हा तेही आजच वाचा. काचेची बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही. काही ठिकाणी बाहेरचं खाणं चालत नाही. रिकामी बाटली मात्र बऱ्याच ठिकाणी नेऊ देतात. लहान मुलाचं खाणं आणि औषधं यांना सहसा सवलत असते.

बाटल्या आज रात्रीच गोठवायला ठेवायच्या. माणशी एक लिटरची साधी प्लास्टिकची बाटली घ्या आणि निम्मीच भरा. बाटली काठोकाठ भरून गोठवू नये, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि झाकण उचकटतं. फ्रीझरमध्ये बाटली आडवी ठेवा. बर्फ एका कडेला जमतो आणि सकाळी उरलेल्या जागेत साधं पाणी ओतता येतं. पूर्ण गोठलेली बाटली पहिले दोन तास पिण्याच्या कामाची नसते आणि तेच तर उन्हात हिंडायचे तास असतात. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका. तिचा तळ फुगतो, दोन भिंतींमधली निर्वात पोकळी बिघडते आणि मग ती बाटली पाणी गार ठेवत नाही. तिच्यात बर्फाचे खडे टाका, तेवढं पुरे.

ओआरएसच्या पुड्या माणशी दोन ठेवा. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ती विरघळवायची. निम्म्या पाण्यात निम्मी पुडी असा अंदाजपंचे कारभार मुलांच्या बाबतीत धोक्याचा ठरतो, कारण पुडी नेमकी निम्मी होत नाही आणि मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो. पुडी नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. मिठाच्या गोळ्या नुसत्या गिळू नयेत. मळमळतं आणि उलटी होते.

कपडे सैल, फिक्या रंगाचे आणि लवकर वाळणारे. इथे सुती कापडाबद्दल थोडं सांगायला हवं. कोरड्या हवेत पातळ सुती सदरा उत्तम. दमट हवेत मात्र तो घाम शोषून जड होतो, वाळत नाही आणि काखेत, मांड्यांत घासतो. तिथे पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा खेळाडू वापरतात तसला टी-शर्ट बरा. साधा पांढरा सुती टी-शर्ट ऊन फारसं अडवत नाही आणि भिजला की आणखीच कमी अडवतो. उघड्या हातांपेक्षा सैल पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा उन्हात जास्त गार वाटतो, कारण ऊन थेट कातडीवर पडत नाही आणि आत हवा खेळत राहते.

नवे बूट सहलीला घालू नका. उन्हात दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून पुढे बोटभर जागा असलेले, वापरून मऊ झालेले बूटच चांगले. मोजे माणशी दोन जोड. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि टाचांना सकाळीच व्हॅसलिन लावायचं. लाल झाल्यावर लावून उपयोग अर्धाच. टोपी सगळीकडून कड असलेली हवी. पुढे छज्जा असलेल्या टोपीत कान आणि मान उघडी राहतात, आणि तिथलेच चटके रात्री झोपू देत नाहीत. टोपी घडी घालून खिशात मावणारी असली की रोलर कोस्टरवर बसताना प्रश्न येत नाही.

नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, ॲलर्जीची आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांमुळे अंगातलं पाणी कमी होतं किंवा घाम कमी येतो. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, विचारायचं. इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवू नये, गोठलं की ते वाया जातं. पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्या मिळतात, त्या चांगल्या.

आणि झोप. अपुऱ्या झोपेने शरीराची उष्णता सोसायची ताकद घटते. रात्री एकपर्यंत सामान भरत बसण्यापेक्षा एखादी वस्तू राहिलेली परवडते.

पहिला दिवस: मुद्दाम कमी

पहिल्या दिवशी उत्साह सगळ्यात जास्त आणि शरीराची तयारी सगळ्यात कमी असते. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातलं मीठ कमी होतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. रोज एसीत बसणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून कारखान्यांत आणि बांधकामावर नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण वेळ उभं करू नये असं सांगतात. सहलीलाही तोच नियम. पहिला दिवस उन्हात तीन-साडेतीन तासांचा धरा.

खोलीतून निघायच्या २० मिनिटं आधी सनस्क्रीन लावून घ्या. ट्यूबवरचा एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा आकडा. एसपीएफ ३० योग्य तेवढं लावलं तर कातडी भाजणाऱ्या अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ला सुमारे ९८ टक्के. हा फरक किरकोळ आहे. खरा फरक किती लावलं याने पडतो. आकड्यामागचं प्रमाण कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमचं असतं, आणि लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. मोजायची सोपी पद्धत म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर रेघ काढायची. तेवढं एका चेहऱ्याला आणि मानेला. उघडे हात-पाय धरले तर प्रत्येक खेपेला माणशी १५ मिली तरी लागतं. चार जणांना एका खेपेला ६० मिली, म्हणजे १०० मिलीची ट्यूब दुसऱ्या खेपेलाच अर्ध्यात संपते. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. कपाळावर द्रव सनस्क्रीन लावलं की घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतं. तिथे कांडीच्या रूपातलं लावा. कान, पायांचे वरचे भाग आणि केसांचा भांग हमखास सुटतात. डासांचं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, मग मलम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि पातळ कपडे.

निघायच्या दोन तास आधी अर्धा लिटर पाणी हळूहळू पिऊन घ्या, म्हणजे जास्तीचं पार्कात शिरायच्या आधीच बाहेर पडतं. गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. या एका गोष्टीने दिवस वाचतो. सकाळी जमीन तापलेली नसते, रांगा आखूड असतात आणि ज्या रांगेवर छप्पर नाही त्या राईड आत्ताच उरकता येतात. प्रसिद्ध राईड कुठली यापेक्षा उघड्यावरची रांग कुठली हे बघून क्रम लावा. इमारतीतली प्रसिद्ध राईड दुपारीही करता येते, तिची रांग आत असते. उघड्यावरचा कोस्टर दुपारी दोनला करायचा म्हणजे एक मिनिटाच्या मजेसाठी पाऊण तास भाजून घेणं.

पाणी तहान लागेल तेव्हा नव्हे, घड्याळ बघून. दर १५-२० मिनिटांनी २०० ते २५० मिली. उन्हात चालताना ताशी अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो आणि तहान त्याच्या मागून येते. उलट्या बाजूचाही धोका आहे आणि तो कमी लोकांना ठाऊक असतो: ताशी दीड लिटरच्या वर पाणी पिऊ नये. तासन् तास घाम गाळून नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं फुगून अंगठी घट्ट होते. हे पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस आणखी पितो. म्हणून दर दोनएक तासांनी काहीतरी खारट खायचं. खाणं नको वाटत असेल तर ओआरएस.

साडेदहाच्या सुमाराला ऊन बोचायला लागतं. दुपारी डांबरी रस्ता हवेपेक्षा २० अंशांहूनही जास्त तापलेला असू शकतो. हाताचा मागचा भाग जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा; टेकवत नसेल तर त्या रस्त्यावर मूल अनवाणी सोडायचं नाही. मूल बुटक्या उंचीवर चालतं आणि बाबागाडीत तर जमिनीच्या आणखी जवळ असतं. मोठ्यांच्या डोक्याला जेवढी झळ लागते त्यापेक्षा मुलाला जास्त लागते.

अकराला जेवायला बसा. एकला सगळा पार्क जेवायला येतो, आणि जेवणाच्या रांगेतला अर्धा तास हा निव्वळ वाया गेलेला गारवा असतो. जेवण हलकं, तुडुंब पोटाने उन्हात निघाल्यावर सुस्ती आणि मळमळ ठरलेली. दारू अजिबात नको.

जेवणानंतर स्वच्छतागृहात जाऊन एक काम करा, ते फार थोडे जण करतात. बाह्या कोपरापर्यंत वर सारा आणि दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गार पाण्याच्या नळाखाली धरा, आलटून पालटून, पाच-दहा मिनिटं. तळहात आणि हाताच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात. तिथलं रक्त गार होऊन अंगात फिरतं. आगीच्या कामावरून परतलेल्या अग्निशमन जवानांनाही गार पाण्यात हात बुडवून बसवतात ते याचसाठी. मानेवर पाणी शिंपडलं की लगेच बरं वाटतं, पण ते वाटणंच जास्त असतं; हातांनी खरोखर उष्णता बाहेर जाते. मग टी-शर्ट आणि मोजे बदला. ओले मोजे हेच फोडांचं मूळ आहे.

यानंतर एक सभागृहातला खेळ बघून सरळ मुक्कामी परत. पार्कच्या वेळेतले चार तास खोलीत काढायचे हे ऐकून पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. पण दुपारी १ ते ४ या वेळात रांगा सर्वांत लांब असतात, तेव्हा जाणाऱ्या राईड दोन-तीनच. गार पाण्याने अंघोळ, तासभर झोप, आणि पाचला ताज्या अंगाने पुन्हा पार्कात. मुक्काम लांब असेल तर आतच थांबा, पण बसून. एसी दुकानातून उभ्याने हिंडणं ही विश्रांती नव्हे. सगळ्यात लांबीचे दोन खेळ पाठोपाठ लावा आणि मधल्या वेळेत खुर्ची सोडू नका.

रांगेबद्दल एक इशारा. छप्पर असलेली रांग गार असतेच असं नाही. पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर तापून खाली झळा सोडतं आणि दाटीवाटीत हवा हलत नाही. शक्य असेल तिथे एकाने रांग धरावी आणि बाकीच्यांनी सावलीत बसावं, अर्थात पार्कच्या नियमांत बसत असेल तर. उघड्या रस्त्यावर छत्री हे सगळ्यात चांगलं साधन आहे. टोपीपेक्षा कितीतरी मोठी सावली देते. रांगेत मात्र मिटायची, मागच्याचा डोळा जपायचा.

बॅटरीवर चालणाऱ्या हातपंख्याबरोबर फवाऱ्याची १०० मिलीची बाटली ठेवा. पंखा स्वतः हवा गार करत नाही. तो कातडीवरचं पाणी वाळवतो, आणि त्या वाळण्यात उष्णता खर्च होते: एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी. घाम टपकून खाली पडला तर यातलं काहीच मिळत नाही. कोरड्या कातडीवर ४० अंशांची हवा मारली तर अंग उलट तापतं. आधी फवारा, मग पंखा. गार राहणारे म्हणून जे टॉवेल मिळतात त्यांचंही असंच: भिजवा, पिळा, हवेत दोनदा झटका, मानेवर टाका. कोमट झाला की पुन्हा झटकायचा. रात्री धुऊन वाळवला नाही तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो.

संध्याकाळी पाच ते आठ हा दिवसाचा सर्वांत चांगला भाग. मात्र जमीन अजून तापलेली असते, तेव्हा पाणी चालूच ठेवा.

दुसरा दिवस: ढग, दमटपणा आणि वीज

सकाळी उठल्यावर प्रत्येकाने लघवीचा रंग बघावा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल, डोकं जड असेल, पायांत गोळे आले असतील तर काल कमी पडलंय आणि आज सकाळ हळू काढायची. उष्णतेचा ताण एका रात्रीत पुसला जाईलच असं नसतं.

आज आकाश ढगाळ आणि हवा दमट आहे असं धरू. थर्मामीटर ३२ दाखवतो आणि लोक खूश होतात. पण ३२ अंशांना आर्द्रता ४० टक्के असेल तर अंगाला साधारण ३३ वाटतं, आणि ७० टक्के असेल तर ४१. हे आकडे सावलीतले आहेत. थेट उन्हात त्यावर ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. म्हणून अंदाजात तापमानाखाली जो जाणवणाऱ्या उष्णतेचा आकडा असतो तोच वाचायचा. ढग आहेत म्हणून सनस्क्रीन टाळायचं नाही. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली पोचतो.

दमट हवेत कालची अर्धी साधनं निकामी होतात. फवाऱ्याचे मोठे पंखे अंग ओलं करतात पण ते वाळत नाही. ओल्या टॉवेलचंही तेच. आज कामाला येतो तो बर्फ आणि एसी. गोठवलेली बाटली रुमालात गुंडाळून काखेत किंवा मानेला लावा. नुसता बर्फ कातडीवर बराच वेळ धरू नका. उन्हातला टप्पाही छोटा करा: काल ४५ मिनिटं बाहेर आणि १५ आत असं चाललं असेल तर आज अर्धा तास बाहेर, अर्धा तास आत.

बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून आई-वडील वरून ओढणी किंवा चादर टाकतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. कोरड्या कापडाने गाडी झाकली की आत हवा कोंडते आणि ती बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. गाडीचं स्वतःचं छत पुढे ओढा आणि बाजू मोकळ्या ठेवा. पंखा लावायचा तर जाळी बारीक हवी आणि मुलाचा हात पोचणार नाही इतका दूर. दर १०-१५ मिनिटांनी बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम आणि ताप लगेच कळतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नाही, दूध जास्त वेळा द्यायचं.

पाण्याच्या राईड, म्हणजे लाकडाच्या ओंडक्यातून घसरत येणाऱ्या किंवा तराफ्यावरच्या, कधी कराव्यात? एसी सभागृहाच्या आधी नको. भिजल्या अंगाने २२ अंशांत बसून कुडकुडायला होतं. लांब चालायच्या आधीही नको, कारण भिजलेले बूट दिवसभर वाळत नाहीत. परतायच्या तासभर आधी, चपला घालून, बूट लॉकरमध्ये ठेवून केल्या तर मजाही येते आणि पायही वाचतात. फोन आणि कोरडा टी-शर्ट झिप लॉक पिशवीत. फोन उन्हात गरम होऊन बंद पडला तर त्याला बर्फावर ठेवू नका, आत ओल धरते. कव्हर काढून सावलीत ठेवा. पॉवर बँकही उन्हात उघडी ठेवायची नाही.

दुपारी गडगडाट झाला तर उघड्यावरच्या राईड थांबवतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटं तरी उघड्यावर जाऊ नये. झाडाखाली उभं राहायचं नाही. पहिल्या गडगडाटालाच सगळे जवळच्या दुकानात घुसतात. त्याऐवजी नकाशावर खूण केलेलं सभागृह गाठा. प्लास्टिकचा रेनकोट पाऊस थांबताक्षणी काढून टाका. आत घाम अडकून अंग शिजायला लागतं. पावसानंतरचा तास मात्र पकडण्यासारखा असतो: निम्मे लोक निघून गेलेले, जमीन निवलेली, रांगा उतरलेल्या.

आजच्यासारख्या दिवशीच लोक आजारी पडतात, म्हणून लक्षणं सगळ्यांना ठाऊक हवीत. पोटऱ्यांत गोळे आले तर थांबा, पाय हळू ताणा, ओआरएस घ्या. खूप घाम, गार चिकट कातडी, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गळून जाणं ही पुढची पायरी. गार खोलीत आडवं करायचं, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंग ओलं करून पंखा, घोटघोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या होत असतील तर डॉक्टर. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर असू शकतं. घाम थांबलेला असतोच असं नाही. घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मदत बोलवा आणि तिची वाट न बघता लगेच गार करायला लागा: भरपूर गार पाणी ओता, काखेत, जांघेत, मानेला बर्फ लावा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही.

तिसरा दिवस: वॉटर पार्क

बरेच जण वॉटर पार्क पहिल्या दिवशी ठेवतात. तो शेवटी ठेवायचं कारण सरळ आहे: सगळ्यात जास्त कातडी भाजते ती इथे, आणि भाजलेल्या कातडीला घाम गाळून अंग गार ठेवणं नीट जमत नाही. पहिल्याच दिवशी पाठ लाल झाली की पुढचे दोन दिवस पिशवीचा पट्टाही खांद्यावर सहन होत नाही.

पाण्यात गार वाटतं म्हणून ऊन विसरलं जातं. अतिनील किरण पाण्यातही उतरतात, गळ्यापर्यंत बुडून खांदे वाचत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, ज्यावर यूपीएफ ५० लिहिलेलं असतं, हा सर्वांत चांगला खर्च. तो पन्नासातला एकच भाग आत जाऊ देतो, आणि पुन्हा पुन्हा चोपडत बसावं लागत नाही. उरलेल्या कातडीला पाण्यात टिकणारं सनस्क्रीन. त्यावर ४० किंवा ८० मिनिटं असा आकडा असतो. तेवढ्या वेळाने किंवा टॉवेलने पुसल्यावर लगेच पुन्हा. धातूची चेन, बक्कल किंवा खिळे असलेले कपडे घसरगुंडीवर चालत नाहीत, तेव्हा ते आधीच टाळा.

वॉटर पार्कात सगळ्यात तापदायक जागा म्हणजे उंच घसरगुंडीचा जिना. अंग वाळलेलं, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं काँक्रीट, आणि बाटली खाली लॉकरमध्ये. चढायच्या आधी पाणी प्या, टी-शर्ट आणि केस चिंब करून घ्या. पातळ तळव्याचे पाण्यातले बूट घाला. काही घसरगुंड्यांवर ते काढायला लावतात, म्हणून हातात धरता येतील असे हलके हवेत. उंच घसरगुंड्या पहिल्या दीड तासात संपवा आणि दुपारी संथ वाहणाऱ्या सावलीच्या प्रवाहात किंवा छताखालच्या तलावात राहा.

पाण्यातही घाम येतो, फक्त तो दिसत नाही. दर अर्ध्या तासाने सगळ्यांना बाहेर काढून पाणी पाजायचं, मुलं कुरकुरली तरी. लाटांच्या तलावात लहान मुलाला योग्य मापाचं लाइफ जॅकेट आणि हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस, जीवरक्षक असला तरी. मुलाचे ओठ निळसर दिसले किंवा ते थरथरलं तर भर उन्हाळ्यातही ते गारठलेलं असतं. टॉवेलात गुंडाळून सावलीत बसवा. बाहेर पडताना साध्या पाण्याने अंघोळ करून क्लोरीन धुऊन टाका आणि कोरडे कपडे घाला, नाहीतर परतीच्या प्रवासात ओली चड्डी मांड्या सोलून काढते.

परतताना

उन्हात उभी असलेली गाडी दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते, दिवसभरात तर भट्टीच होते. आधी चारही दारं उघडून दोन-तीन मिनिटं गरम हवा जाऊ द्या. सीटबेल्टचं बक्कल आणि मुलाच्या आसनाचे धातूचे भाग हाताने चाचपल्याशिवाय मुलाला बसवू नका. एसी लावला तरी पहिली दोन-तीन मिनिटं काचा थोड्या खाली ठेवा. सामान भरेपर्यंत मूल गाडीत एकटं ठेवायचं नाही, काच उघडी असली तरी.

घरी पोचल्यावर लाल झालेल्या कातडीवर गार पाण्याच्या पट्ट्या आणि कोरफडीचा गर किंवा साधं मॉइश्चरायझर. बर्फ नको, तूप-तेल नको. फोड फोडू नका. मोठ्या भागावर फोड आले, ताप, थंडी किंवा उलट्या सुरू झाल्या, किंवा लघवी आठ-दहा तास झालीच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.